मिस्टर फ्रीझचे प्रकरण : बॅटमॅनच्या एका खलनायकाचा दूरचित्रवाणी, चित्रपट आणि गेममधील प्रवास

सुपरहिरोच्या माध्यमांतराचा अभ्यास करताना लक्ष साहजिकच नायकाकडे जाते : त्याचा पोशाख कसा बदलला, त्याची भूमिका कोणी केली, कोणत्या काळात तो अधिक काळोखा झाला आणि कोणत्या काळात अधिक हलकाफुलका. बॅटमॅनच्या बाबतीत ही वाट मला अपुरी वाटते. १९३९ साली कॉमिक्समध्ये अवतरलेल्या या नायकाच्या मुळाशी असलेली घटना, म्हणजे लहानग्या ब्रूस वेनच्या डोळ्यांदेखत झालेला त्याच्या आईवडिलांचा खून, प्रत्येक माध्यमाने जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे. त्यामुळे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना काय टिकते आणि काय गळते, हे नायकापेक्षा त्याच्या एका खलनायकाच्या वाटचालीत अधिक स्वच्छ दिसते. तो खलनायक म्हणजे मिस्टर फ्रीझ. त्याला नाव दिले दूरचित्रवाणीने, मन दिले दूरचित्रवाणीनेच, चित्रपटाने त्याच्या कथेतला बराच तपशील जपूनही त्याला हास्यास्पद केले आणि व्हिडिओ गेमने त्याला पुन्हा उभे केले. या सगळ्या काळात कॉमिक्स बहुतेक वेळा इतर माध्यमांच्या मागून चालत होते.

या अभ्यासातला प्रश्न नेमका आहे. आजारी पत्नी, गोठवलेले शरीर, थंडीवाचून जगू न शकणारा शास्त्रज्ञ आणि बर्फाची बंदूक ही सामग्री १९९२ नंतरच्या सर्वांपुढे सारखीच असताना परिणाम इतके वेगळे का झाले?

नाव आणि पहिले कारण

फेब्रुवारी १९५९ च्या ‘बॅटमॅन’ मासिकाच्या १२१ व्या अंकात हे पात्र प्रथम आले, तेव्हा त्याचे नाव मिस्टर झीरो असे होते. लेखक डेव्ह वुड आणि चित्रकार शेल्डन मोल्डॉफ यांनी रंगवलेला हा माणूस बर्फाच्या बंदुकीवर प्रयोग करताना अपघातात सापडतो, त्याचे शरीर केवळ थंडीतच तग धरू शकते आणि तो हिरे चोरत सुटतो. गोष्टीच्या शेवटी वाफेच्या झोतात सापडून तो बरा होतो आणि विषय तिथेच मिटतो. त्या काळच्या कॉमिक्समध्ये अशी एका अंकापुरती पात्रे सतत येत आणि विसरली जात. मिस्टर झीरोही विसरला गेला असता, पण जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या बॅटमॅन मालिकेला दर आठवड्याला रंगीबेरंगी खलनायक हवे होते. तिने हा माणूस कॉमिक्समधून बाहेर काढला आणि त्याला मिस्टर फ्रीझ हे नाव दिले. जॉर्ज सँडर्स, ऑटो प्रेमिंजर आणि एली वॉलक अशा तिघांनी दोन हंगामांत ही भूमिका केली.

या मालिकेची चेष्टा करण्याची सवय अनेकांना आहे आणि त्यापायी तिचे एक महत्त्वाचे योगदान दुर्लक्षित राहते. मालिकेत फ्रीझच्या या अवस्थेला बॅटमॅनच कारणीभूत ठरतो, कारण त्याला पकडताना झालेल्या झटापटीत रसायन सांडते आणि सूडाची भावना तिथून सुरू होते. कारण ढोबळ होते, तरीही मूळ कॉमिक्समध्ये तेवढेही नव्हते. सँडर्सच्या भागांमध्ये एकाच दालनात फ्रीझसाठी अतिथंड आणि इतरांसाठी उबदार असे विभाग करून ते निळ्या आणि लाल प्रकाशाने वेगळे दाखवले होते. हा माणूस इतरांसोबत एका खोलीत असूनही त्यांच्यात कधीच असू शकत नाही, हे त्या दृश्ययोजनेतून आपोआप कळत होते. १९६८ मध्ये कॉमिक्समध्ये हे पात्र परतले ते दूरचित्रवाणीवरचे नाव घेऊनच.

बावीस मिनिटांचा भाग

५ सप्टेंबर १९९२ रोजी फॉक्स किड्सवर ‘बॅटमॅन : द अॅनिमेटेड सिरीज’ सुरू झाली आणि ७ सप्टेंबरला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग प्रसारित झाला. पॉल डिनी यांचे लेखन आणि ब्रूस टिम यांचे दिग्दर्शन असलेल्या या भागाची लांबी जेमतेम बावीस मिनिटे आहे. लहान मुलांच्या वेळेत दाखवल्या जाणाऱ्या मालिकेवर हिंसा आणि मृत्यूच्या चित्रणाबाबत जी बंधने असतात, ती याही मालिकेवर होती.

कथानक थोडक्यात असे. गॉथकॉर्प या कंपनीच्या मालमत्तेवर एकामागून एक दरोडे पडतात आणि चोरीला गेलेल्या यंत्रभागांतून गोठवणारी एक प्रचंड तोफ उभी राहत असल्याचे बॅटमॅनच्या लक्षात येते. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल समाजात परोपकारी म्हणून मिरवतो. कंपनीच्या आवारात शिरलेल्या बॅटमॅनच्या हाती एक चित्रफीत लागते. डॉ. व्हिक्टर फ्राइज हा कंपनीतला शास्त्रज्ञ असाध्य आजाराने ग्रासलेल्या पत्नीला, नोराला, उपाय सापडेपर्यंत शीतनिद्रेत ठेवून संशोधन करत असतो. खर्च फार होतो म्हणून बॉइल ते बंद करायला येतो आणि झटापटीत फ्राइजला रसायनांवर ढकलून देतो. दरोडेखोर फ्रीझ म्हणजे तोच फ्राइज.

या भागाचे यश ‘दुःखी पार्श्वकथा’ या एका शब्दप्रयोगात गुंडाळणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. दुःखी पार्श्वकथा तर बॅटमॅनच्या निम्म्या शत्रूंना आहे. इथे वेगळे आहे ते हे की, फ्रीझच्या रागाला पत्ता आहे. त्याने काय गमावले, कोणामुळे गमावले आणि त्या माणसाला समाज कसा गौरवतो, या तिन्ही गोष्टी प्रेक्षकाला एकाच चित्रफितीत दिसतात, आणि त्या बॅटमॅनलाही त्याच क्षणी दिसतात. ज्याच्या आयुष्याचा पाया एका गुन्ह्यात गमावलेल्या माणसांवर उभा आहे, तो नायक ही चित्रफीत पाहतो तेव्हा त्याला समोरचा माणूस परका राहत नाही. म्हणूनच शेवटी फ्रीझला रोखूनही बॅटमॅन बॉइलला सोडत नाही. अर्धा गोठलेला बॉइल तसाच राहतो आणि चित्रफीत वार्ताहराच्या हाती जाते. न्याय एकाच बाजूला झुकू न देण्याची ही मांडणी मुलांसाठीच्या मालिकेत फार धीटपणाची होती.

बाह्य रूपाचा विचारही तितकाच नेमका झाला. टिम यांनी पात्राच्या नव्या रेखाटनासाठी कॉमिक्सचे चित्रकार माइक मिन्योला यांची मदत घेतली. केशहीन डोके, लाल काचांचा चष्मा आणि काचेचे गोल शिरस्त्राण यांमुळे चेहरा जवळजवळ वाचता येईनासा झाला. मायकेल अन्सारा यांनी दिलेला आवाज सपाट आणि चढउतार नसलेला आहे. भावना दाखवणारे दोन्ही मार्ग, चेहरा आणि आवाज, असे बंद केल्यावर दुःख व्यक्त करण्याचे काम संवादांच्या आशयावर आणि त्यामधल्या शांततेवर पडते. एखादा कमी धाडसी दिग्दर्शक इथे रडवेला आवाज घेऊन मोकळा झाला असता. बॉइलचा आवाज मार्क हॅमिल यांचा होता, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे त्याच मालिकेत आणि नंतरच्या गेममध्येही तेच बॅटमॅनचा सर्वांत मोठा शत्रू असलेल्या जोकरचा आवाज झाले.

या लेखनासाठी डिनी यांना डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये ‘डीप फ्रीझ’ या पुढच्या भागात नोरा अजून जिवंत असल्याचे उघड झाले, आणि १९९७ मध्ये डिनी यांनीच लिहिलेल्या एका स्वतंत्र अंकाद्वारे ही कथा कॉमिक्सच्या मुख्य प्रवाहात आली. म्हणजे छापील पानावरून दूरचित्रवाणीवर गेलेले पात्र दुसऱ्यांदा, आणि या वेळी पूर्णपणे नवे होऊन, पानावर परतले.

चित्रपट : तपशील तोच, परिणाम उलटा

२० जून १९९७ रोजी प्रदर्शित झालेला जोएल शूमाकर दिग्दर्शित ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ हा या प्रकरणातला सर्वांत उद्बोधक टप्पा आहे. वरवर पाहता पटकथाकार अकिवा गोल्ड्समन यांनी मालिकेतली कथा बऱ्याच प्रामाणिकपणे उचलली. नोरा आहे, तिचा आजार आहे, शीतनिद्रा आहे, थंड पोशाख आहे. एवढेच नव्हे, तर पोशाखाला हिऱ्यांवर चालणारी ऊर्जा देऊन १९५९ मधल्या हिरेचोरीलाही त्यांनी एक उपयुक्त कारण दिले, आणि ही जुळणी खरोखर हुशारीची आहे. फ्रीझच्या भूमिकेत आर्नोल्ड श्वार्झनेगर होते आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव बॅटमॅन साकारणाऱ्या जॉर्ज क्लूनी यांच्याही आधी होते.

या चित्रपटाच्या अपयशाचे खापर सामान्यतः भडक रंगसंगती, खेळण्यांच्या विक्रीवर ठेवलेली नजर आणि फ्रीझच्या तोंडी घातलेले थंडीवरचे अखंड विनोद यांवर फोडले जाते. हे सगळे खरे असले, तरी माझ्या मते मूळ दोष पटकथेत आणखी खोलवर आहे. चित्रपटाने फेरिस बॉइलला वगळले. इथे व्हिक्टर फ्राइज संशोधन करता करता अपघातानेच गोठवणाऱ्या द्रावणात पडतो. अपघात कोणीही घडवलेला नसल्यामुळे फ्रीझला राग धरायला माणूस उरत नाही, आणि राग धरायला माणूस नसलेला खलनायक मग सगळ्या शहराला गोठवण्याची धमकी देत फिरतो. ही पोकळी पटकथेला अर्ध्या वाटेवर जाणवली असावी, कारण तिथे उमा थर्मन यांनी साकारलेली दुसरी खलनायिका पॉयझन आयव्ही नोराच्या यंत्राचा वीजपुरवठा तोडते आणि त्याचा आळ बॅटमॅनवर घालते. आता फ्रीझला शत्रू मिळतो खरा, पण तो खोटा शत्रू असतो, आणि प्रेक्षकाला हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या रागात सामील होण्याची वाट बंद होते. मालिकेत प्रेक्षक आणि बॅटमॅन दोघेही फ्रीझचे म्हणणे मान्य करून त्याची कृती नाकारत होते. चित्रपटात त्याचे म्हणणेच गैरसमजावर उभे आहे.

बॉइल वगळल्याचा दुसरा परिणाम बॅटमॅनवर झाला. दूरचित्रवाणीवरच्या बॅटमॅनला चित्रफीत पाहून काही ठरवावे लागले होते. चित्रपटातल्या बॅटमॅनला फ्रीझबद्दल काही ठरवण्याची वेळच येत नाही, अगदी शेवटचा प्रसंग वगळता. त्या प्रसंगात नोरा जिवंत आहे असे सांगून तो आपला सेवक आल्फ्रेड याच्या आजारावरचे औषध फ्रीझकडे मागतो आणि फ्रीझ ते देतो. आल्फ्रेडला त्याच रोगाची पहिली अवस्था असल्याची योजना पटकथेत पेरलेली होती. हा एकच प्रसंग मूळ कथेच्या जवळ पोहोचतो आणि तो पाहताना या चित्रपटात काय शक्य होते याची कल्पना येते.

परिणाम दूरवर गेले. ठरलेला पुढचा चित्रपट रद्द झाला आणि बॅटमॅनचा पुढचा स्वतंत्र चित्रपट २००५ मध्येच येऊ शकला. ‘सबझीरो’ हा अॅनिमेटेड चित्रपटही यात भरडला गेला. मूळ योजनेनुसार तो शूमाकर यांच्या चित्रपटाच्या सोबतीने यायचा होता, पण त्या चित्रपटाचे जे स्वागत झाले ते पाहून तो लांबणीवर पडला आणि मार्च १९९८ मध्ये थेट व्हिडिओवर आला. बॉइड कर्कलंड दिग्दर्शित या चित्रपटात नोराला वाचवण्यासाठी फ्रीझ बॅटमॅनची साथीदार बॅटगर्ल, म्हणजे बार्बरा गॉर्डन, हिचे अवयव वापरायला तयार होतो. प्रेमाचे कारण माणसाला कुठवर नेऊ शकते, हा प्रश्न इथे मालिकेपेक्षाही कठोरपणे विचारला आहे. त्याला अॅनी पुरस्कार मिळाला. या उशिरामुळे क्रमाचा एक गोंधळही झाला : फ्रीझची यानंतरची अवस्था दाखवणारा, तो केवळ एका शिरापुरता उरल्याचे सांगणारा मालिकेचा भाग ऑक्टोबर १९९७ मध्येच, म्हणजे ‘सबझीरो’च्या आधी, प्रसारित होऊन गेला.

गेम : स्वभावाचा नियम होतो

व्हिडिओ गेममध्ये फ्रीझ पूर्वीही होता, पण बहुतेक ठिकाणी बर्फ फेकणारा प्रतिस्पर्धी एवढीच त्याची ओळख होती. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या ‘बॅटमॅन : आर्कम सिटी’ने हे बदलले. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने केलेल्या या गेमच्या लेखनात पॉल डिनी सहभागी होते आणि बॅटमॅनचा आवाज मालिकेतल्याप्रमाणे केविन कॉनरॉय यांचाच होता. फ्रीझला आवाज मॉरिस लामार्श यांनी दिला, आणि अन्सारा यांची नक्कल न करता तोच थंड संयम राखला.

गेममधली परिस्थिती अशी रचली आहे की दोघेही वेळेशी झुंजत आहेत. जोकरच्या दूषित रक्तामुळे बॅटमॅन मरणाच्या वाटेवर आहे आणि औषध तयार करू शकणारा एकच माणूस, फ्रीझ, ते तयार करून हातात ठेवतो आणि देत नाही. जोकरने नोराला पळवलेले असल्यामुळे आधी तिला आणून द्या, अशी त्याची अट आहे. बॅटमॅन वेळ नसल्याचे सांगतो आणि झुंज सुरू होते. इथे कोणीही खोटे बोलत नाही, कोणाचाही गैरसमज झालेला नाही. चित्रपटाने गमावलेली गोष्ट, म्हणजे दोन्ही बाजू समजण्याजोग्या असणे, गेमने परत मिळवली.

त्यापुढे गेमने जे केले ते फक्त गेमलाच करता येण्यासारखे होते. आर्कम मालिकेतल्या इतर झटापटींमध्ये खेळाडू एखादी युक्ती, उदाहरणार्थ जमिनीतल्या जाळीखालून येऊन हल्ला करणे, पुन्हा पुन्हा वापरू शकतो आणि बहुतेक जण तसेच करतात. फ्रीझ मात्र प्रत्येक युक्ती एकदाच चालू देतो. फटका बसला की तो काय शिकला ते सांगतो आणि ती वाट बंद करतो. खेळाडूला आजवर कमावलेली सगळी साधने आठवून काढावी लागतात, लपत लपत नवा कोन शोधावा लागतो, आणि समोरच्या माणसाची बुद्धी आपल्यापेक्षा कमी नाही हे मान्य करावे लागते. तो शास्त्रज्ञ आहे, हे १९५९ पासून सांगितले जात होते. इथे ते खेळाडूच्या हातांना कळते, कारण निरीक्षण, निष्कर्ष आणि उपाय हा शास्त्रज्ञाचा क्रमच झुंजीचा नियम झाला आहे. गेममधल्या मुख्य प्रतिस्पर्ध्यांशी होणाऱ्या झुंजींत आजही हिचे उदाहरण दिले जाते, आणि मला ते पूर्णपणे योग्य वाटते.

झुंजीनंतर नोराला शोधण्याचे काम ऐच्छिक आहे आणि त्याला १९९२ च्या भागाचेच नाव दिले आहे. ज्याने नुकताच जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याच्यासाठी ते करायचे की नाही, हे खेळाडू ठरवतो. चित्रफीत पाहिल्यानंतर बॅटमॅनपुढे उभा राहिलेला प्रश्न असा खेळाडूकडे आला.

२०१४ मध्ये ‘आर्कम ओरिजिन्स’ला जोडलेल्या ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ या भागात डब्ल्यूबी गेम्स माँट्रियलने फेरिस बॉइलसह मूळ कथाच नव्याने खेळायला दिली. वेन यांच्या वाड्यात बॉइलचा गौरव होत असताना फ्रीझ तिथे धडकतो. निष्ठेच्या दृष्टीने हे रूपांतर सर्वांत जवळचे आहे, तरी मला ते ‘आर्कम सिटी’तल्या एका झुंजीइतके प्रभावी वाटत नाही. बॉइलचा दुष्टपणा इथे शस्त्रनिर्मितीच्या सौद्यापर्यंत वाढवला आहे, आणि मूळ भागातली भीती तर याचीच होती की बॉइलसारखा माणूस केवळ खर्चाच्या हिशेबापायी एवढे करतो.

नोराला काय हवे होते

या सगळ्या रूपांतरांमध्ये एक उणीव जवळपास वीस वर्षे तशीच वाहत आली. नोरा ही व्यक्ती नसून टाकीतली वस्तू होती. पती तिच्यासाठी जग उलथवतो, पण तिला विचारत कोणी नाही. ‘हार्ट ऑफ आइस’मध्ये हे खटकत नाही, कारण बावीस मिनिटांत तिथे सगळी नजर व्हिक्टरवर आहे. पुढे मात्र प्रत्येक माध्यमाने ही उणीवही वारशात घेतली.

या उणिवेला पहिला धक्का कॉमिक्सने दिला आणि तो वादग्रस्त ठरला. २०१२ मधल्या ‘बॅटमॅन’च्या वार्षिक अंकात स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी नोरा ही त्याची पत्नी नव्हतीच, ती त्याच्या जन्माआधीपासून शीतनिद्रेत असलेली अनोळखी स्त्री होती आणि विवाह हा त्याचा भ्रम होता, असे मांडले. अनेक वाचकांना हा पात्राचा अपमान वाटला. मलाही तो बदल आवडत नाही, कारण त्याने बॅटमॅनची सहानुभूती निरर्थक होते. परंतु तिच्या संमतीचा प्रश्न त्या कथेने उघडपणे मांडला, हे नाकारता येत नाही. २०१६ मध्ये ‘गॉथम’ या मालिकेत नोरा स्वतःच गोठवणाऱ्या द्रावणाची कुपी बदलून मृत्यू स्वीकारते. २०१९ च्या कॉमिक्समध्ये ती जागी होते आणि पतीच्या कह्यात राहायचे नाकारून स्वतः गुन्हेगारीची वाट धरते.

यांतले सर्वांत समंजस उत्तर, माझ्या वाचनानुसार, पुन्हा गेममध्येच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ‘आर्कम नाइट’ला जोडलेल्या कथेत नोरा जागी झाल्यावर पुन्हा शीतनिद्रेत जायचे नाकारते आणि उरलेले थोडे दिवस व्हिक्टरसोबत घालवायचे ठरवते. तो आपले शिरस्त्राण फोडतो आणि दोघे निघून जातात. पात्राची सगळी धडपड ज्या एका गृहीतावर उभी होती, म्हणजे नोराला कोणत्याही किमतीवर अधिक आयुष्य हवे आहे, ते गृहीत तिच्याच तोंडून नाकारले जाते, आणि तरीही त्याचे प्रेम खोटे ठरत नाही.

चित्रपटाच्या बाजूने मात्र हिशेब १९९७ पाशीच थांबला आहे. त्यानंतर बॅटमॅनवरच्या प्रत्यक्ष अभिनयाच्या कोणत्याही चित्रपटात फ्रीझ मुख्य शत्रू म्हणून परतलेला नाही. गोठवणारी बंदूक आणि काचेचे शिरस्त्राण वास्तववादी शैलीत बसत नाहीत, असे याचे कारण सांगितले जाते. ते मला पटत नाही. आजाराचा खर्च, संशोधन बंद करणारी कंपनी आणि त्या कंपनीच्या प्रमुखाचा सार्वजनिक गौरव यांत अवास्तव काहीच नाही. नव्या पटकथाकाराने बंदुकीचा विचार करण्याआधी फेरिस बॉइलला परत आणावे आणि नोराला बोलू द्यावे, म्हणजे त्याच्यापुढच्या बॅटमॅनलाही काही ठरवावे लागेल.